धार संपल्यावरचा अर्धा तास

गाईच्या सडाच्या टोकाशी एक बारीक नळी असते. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. कासेतलं सगळं दूध याच वाटेनं बाहेर येतं आणि कासेला आजारी पाडणारे बहुतेक जंतू याच वाटेनं आत जातात. नळीच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, ते एरवी घट्ट आवळलेलं राहतं. आतून केराटिनचा थर असतो. नखाशिंगांत असतं तेच हे द्रव्य. जंतू त्यात अडकतात आणि पुढच्या धारेबरोबर वाहून जातात. धार काढताना मात्र हे कडं सैल पडतं. ते पुन्हा पुरतं आवळायला अर्धा तास तर लागतोच, कधी दोन तासही लागतात. तेवढ्या वेळात गाय ओल्या शेणामुतात बसली, तर सडाचं तोंड उघडं असतं आणि जंतू त्याला टेकलेले असतात.

शेतकरी ज्याला दगडी म्हणतात आणि पशुवैद्यक कासदाह म्हणतात, त्या रोगाची सुरुवात बरेचदा इतकी साधी, कुणाच्या लक्षात न येणारी असते. दिसतं ते नंतर. सकाळी कास टणक आणि गरम लागते, गाय हात लावू देत नाही, धारेत गुठळ्या येतात, कधी रक्त, कधी नुसतं पिवळसर पाणी. मग धावपळ सुरू होते. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी शेजारच्या गोठ्यातून रोग आला म्हणतं. जंतू तर सगळीकडेच असतात: शेणात, मातीत, गाईच्या कातडीवर, धार काढणाऱ्याच्या हातांवर. त्यातला कुठला कुठल्या सडात शिरेल, हे गोठ्याच्या रोजच्या रीतीवर ठरतं. ती रीत कशी आहे, आणि ती बदलणं कुणाच्या हातात आहे, हे मला इथे मांडायचं आहे.

पारनेर तालुक्यातल्या एका गोठ्यात पहाटेची धार चालली होती. चार संकरित गाई, सिमेंटचा कोबा, मागे उताराची नाली. धार काढणारी बाई पन्नाशीची. प्रत्येक गाईपुढे तिनं आधी पेंडीचं घमेलं ठेवलं, मग कास धुतली आणि मांडी घालून बसली. सोबत आलेले पशुवैद्यक म्हणाले, “मावशी, धार झाल्यावर पुढ्यात वैरण टाकत जा. लगेच बसू देऊ नका तिला.”

“अहो डॉक्टर, आधी पेंड ठेवल्याबिगर ही पान्हाच सोडत नाही. अन् धार होईस्तोवर घमेलं चाटून मोकळी.”

या दोन वाक्यांत रोगाचं निम्मं गणित आहे. आपल्याकडे खुराक हे पान्हा सोडवण्याचं साधन आहे. त्यामुळे धार संपते तेव्हा गव्हाण रिकामी असते, गाईचं पोट भरलेलं असतं आणि तिला बसावंसं वाटतं. सडाचं तोंड उघडं असण्याची आणि गाय बसण्याची वेळ नेमकी एक होते. डॉक्टरांनी उपाय सांगितला तो बिनखर्चाचा: पेंड धारेच्या वेळी, हिरवी वैरण किंवा मुरघास धार संपल्यावर. गाय उभी राहून खाते आणि तेवढ्यात सड मिटतो. पण यासाठी वैरण आदल्या संध्याकाळी कापून ठेवावी लागते. ते काम कोण करणार, हा प्रश्न त्या बाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. घरात डबे व्हायचे होते आणि साडेसहाला दुधाची गाडी यायची होती.

धार काढायची पद्धत हा दुसरा भाग. अंगठा दुमडून सडावर दाबत धार काढायची सवय महाराष्ट्रात सर्रास आहे. ती लवकर उरकते, मनगटावर ताण कमी येतो. पण दुमडलेल्या अंगठ्याचं हाड सडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर रोज दोनदा घासतं, तिथे सूक्ष्म जखमा होतात आणि जंतूंना चिकटायला जागा मिळते. पूर्ण मुठीत सड धरून काढलेली धार सडाला सोसते. याच्या जोडीला बोटं दुधात बुडवून सड ओला करायची सवय, आणि सगळ्या गाईंची कास पुसायला एकच फडकं. पहिल्या गाईच्या कासेतले जंतू चौथीपर्यंत पोचवायला एवढं फडकं पुरतं.

पान्ह्यालाही वेळेची मर्यादा आहे. कास धुताना, सड चोळताना गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवतं, एक-दोन मिनिटांत पान्हा येतो आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. त्या अवधीत धार उरकली नाही, मध्येच कुणी आरडाओरडा केला किंवा कुत्रं भुंकलं, तर दूध कासेत मागे राहतं. आत आधीच शिरलेल्या जंतूंना ते आयतं अन्न होतं.

इथे जंतूंच्या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण दोघांचे उपाय वेगळे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी हे आजारी कासेतच घर करतात आणि धारेच्या वेळी हात, फडकं, यंत्र यांच्यावाटे दुसऱ्या गाईकडे जातात. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे शेणात, चिखलात, ओल्या भुश्शात वाढतात आणि दोन धारांच्या मधल्या वेळात शिरतात. पहिली तऱ्हा गुपचूप राहते, महिनोन्‌महिने. दुसरी बरेचदा धडाक्यात येते, आणि गाय एका रात्रीत आडवी होऊ शकते.

पहिल्या तऱ्हेला कसं आवरायचं हे इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं १९६० च्या दशकात दाखवून दिलं. फ्रँक नीव्ह, फ्रँक डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्याखुऱ्या गोठ्यांत प्रयोग केले. धारेनंतर प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवायचा, गाय आटवताना प्रत्येक सडात औषध सोडायचं, दिसलेल्या रोगावर लगेच उपचार करायचे, पुन्हापुन्हा आजारी पडणारी गाय कळपातून काढायची आणि यंत्राची नियमित तपासणी करायची. या पाच गोष्टींनी ब्रिटनमधलं दगडीचं प्रमाण पुढच्या पंधरा वर्षांत निम्म्याहून खाली आलं. पण कमी झाली ती पहिली तऱ्हा. शेणाचिखलातून येणारे जंतू होते तिथेच राहिले, आणि उरलेल्या रोगात त्यांचा वाटा वाढत गेला. सड बुडवून हाताची लागण थांबते. गाय बसते ती जमीन तशीच राहते. आपल्याकडे सल्ला देताना हा फरक बरेचदा सांगितला जात नाही. मग सड बुडवणारा शेतकरी भर पावसाळ्यात पुन्हा दगडी आली की औषधालाच खोटं ठरवतो.

आता गाईकडे वळू. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफची स्थापना केली. होल्स्टीन आणि जर्सीच्या रेतानं गावरान गाईंचा संकर घरोघरी पोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दर दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला तो या गाईमुळे, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात विदेशी आणि संकरित गोवंश ५ कोटी १३ लाखांवर गेला होता. गाय बदलली, तिची कास मोठी झाली, दूध तिप्पट-चौपट झालं. गोठा मात्र अनेक ठिकाणी खिलार किंवा डांगी गाईसाठी बांधला होता तोच राहिला. मोठी, लोंबती कास मांड्यांना घासते, जमिनीच्या जवळ येते, खुरांखाली सापडते. भरपूर आणि पटकन दूध देणाऱ्या गाईच्या सडाची नळी तुलनेनं रुंद आणि सैल असते. वेतं वाढतात तसा धोका वाढतो, कारण दर वेताला सडाचं टोक थोडं झिजतं, खरखरीत होतं. पहिलारू कालवडीपेक्षा चौथ्या-पाचव्या वेताची गाय म्हणूनच जास्त जपावी लागते.

जास्त दूध आणि कासदाहाचा कल या दोन गोष्टी वंशात काही अंशी हातात हात घालून येतात. नुसत्या दुधासाठी निवड करत गेलो, तर रोगाचा कलही नकळत निवडला जातो. नॉर्वेनं हे लवकर ओळखलं. तिथे १९७० च्या दशकात प्रत्येक गाईच्या आजारपणाची नोंद ठेवायला सुरुवात झाली आणि १९७८ पासून वळू निवडताना त्याच्या मुलींना कासदाह किती झाला हेही मोजलं जाऊ लागलं. आपल्याकडे रेतन करणाऱ्याला शेतकरी विचारतो, “किती लिटरचं सिमेन आहे?” कासेच्या ठेवणीबद्दल, सडांच्या लांबीबद्दल क्वचितच कुणी विचारतं. विचारलं तरी गावात पोचणाऱ्या रेताच्या नळकांडीवर त्याचं उत्तर नसतं.

दिसणाऱ्या दगडीपेक्षा न दिसणारी जास्त महाग पडते. सुप्त कासदाहात कास मऊ, दूध पांढरं आणि गाय खाती-पिती असते. दूध तेवढं थोडं कमी होतं. आत मात्र जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरलेल्या असतात. निरोगी कासेच्या दुधात दर मिलिलिटरला अशा पेशी साधारण २ लाखांच्या आत असतात. त्यापलीकडे गेल्या की कासेचा कुठला तरी कप्पा आजारी आहे असं धरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशाचं कासदाहामुळे होणारं वार्षिक नुकसान ७,१०० कोटी रुपयांच्या वर होतं. यातला मोठा भाग या न दिसणाऱ्या रोगाचा.

तो ओळखायची युक्ती १९५७ पासून जगाला माहीत आहे. शाल्म आणि नूरलँडर यांनी शोधलेली कॅलिफोर्निया चाचणी म्हणजे चार खणांची एक प्लॅस्टिकची थाळी आणि साबणासारखं द्रावण. प्रत्येक सडाचं थोडं दूध एकेका खणात घ्यायचं, तितकंच द्रावण घालायचं आणि थाळी गोल फिरवायची. द्रावणानं पेशी फुटतात, त्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध घट्ट, बुळबुळीत होतं. जितकं घट्ट, तितका रोग जास्त. कपडे धुण्याच्या पावडरचं तीन टक्क्यांचं पाणी वापरूनही ही चाचणी जमते. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी ती खेड्यांसाठी मुद्दाम बसवली. चार सडांना पाच मिनिटंही लागत नाहीत. तरी ती थाळी बहुतेक गोठ्यांत दिसत नाही.

एक खूण मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात रोज पडते: डेअरीची पावती. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो आणि त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. कास सुजली की दुधातली साखर आणि केसीन कमी होतं, मीठ वाढतं, म्हणजे एसएनएफ उतरतो. “एसएनएफ लागत नाही” ही तक्रार संकलन केंद्रावर कायम कानावर पडते. शेतकरी पेंड बदलतो, खनिज मिश्रणाची पिशवी आणतो, केंद्रचालकाशी भांडतो. चारा निकृष्ट असेल तर एसएनएफ उतरतोच. पण त्या गाईचे चार सड एकदा तपासले असते तर अनेकदा कारण तिथेच सापडलं असतं. आधी थाळी, मग पेंडीचा विचार, अशी सवय लागली तर कितीतरी घरांचा खर्च वाचेल.

आता आटवण्याच्या काळाबद्दल. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती आळसातून होत नाही, तंगीतून होते. विण्याआधी सुमारे दोन महिने गाय आटवतात. या काळात सडाच्या नळीत केराटिनची गुडदी तयार होऊन तोंड बंद होतं. जास्त दुधाची गाय एकाएकी आटवली तर कासेतल्या दाबामुळे काही सड कित्येक आठवडे उघडे राहतात. म्हणून आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्याआधीचे शेवटचे दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. विण्यानंतर महिन्याभरात जी दगडी दिसते, तिचं बी अनेकदा या दिवसांत पडलेलं असतं. आणि नेमकी याच काळात गाय गोठ्याच्या कोपऱ्यात जाते. ती दूध देत नाही म्हणून पेंड बंद, हिरवा चारा दुभत्या गाईंना, हिच्यापुढे कडबा. तिच्याखालचं शेणही शेवटी निघतं.

कडबा पोट भरतो, पण वाळलेल्या चाऱ्यात जीवनसत्त्व ई फारसं उरत नाही आणि जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्याची गरज असते. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं, की आटलेल्या गाईंना जीवनसत्त्व ई पुरवल्यावर दगडीचं प्रमाण ३७ टक्क्यांनी उतरलं. सेलेनियमची कमतरता भरून काढल्याचाही फायदा दिसला. विताना रक्तातलं कॅल्शियम घसरतं तेव्हा सडाच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो आणि गाय जास्त वेळ बसून राहते. व्यायल्यावर दूध झपाट्यानं वाढतं, खाणं तेवढं वाढत नाही, शरीर चरबी जाळू लागतं आणि प्रतिकारशक्ती खाली येते. वार अडकलेली, अंग टाकलेली किंवा दुग्धज्वर झालेली गाय म्हणूनच बरेचदा पुढच्या आठवड्यात कासदाहानंही आजारी पडते. शेतकऱ्याला वाटतं, संकटं एकामागून एक आली. त्यांतली बरीचशी त्या दोन महिन्यांच्या उपासमारीतून आलेली असतात. दूध बंद असताना गाईला खाऊ घालायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. दूध संस्थेनं आटलेल्या गाईच्या खुराकासाठी उचल देणं हा मला औषधावरच्या अनुदानापेक्षा जास्त उपयोगी खर्च वाटतो.

पावसाळ्यात हे सगळं एकदम अंगावर येतं. गाय दिवसातले दहा ते बारा तास बसते, आणि अनुकूल उबेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. मुक्तसंचार गोठ्यांनी गाईंचं भलंच केलं आहे, पण जुलैमध्ये त्याच गोठ्यांचा चिखल होतो. लाकडाचा ओला भुस्सा टाकणं तर क्लेबसिएलाला घर देणं आहे. कोरडी वाळू किंवा मुरूम बरा. २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची साथ आली तेव्हा अनेक गाईंच्या सडांवर गाठी फुटून जखमा झाल्या. त्या साथीत दगावलेल्या जनावरांची मोजणी झाली, कायमचे गेलेले सड मात्र कुठल्या हिशेबात आले नाहीत. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घेणारा प्रत्येक सड पिळून पाहतो. तीन सडांच्या गाईची किंमत काय होते, ते विकणाऱ्यालाच माहीत.

यंत्रानं धार काढली म्हणून धोका संपत नाही. यंत्राच्या कपांतल्या रबरी नळ्या साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायच्या असतात. दहा गाई, एक संच, दिवसातून दोन धारा असा हिशेब केला तर चार महिने. अनेक गोठ्यांत त्या फाटेपर्यंत चालतात. निर्वात दाब वाढला, दूध संपल्यावरही यंत्र लावून ठेवलं किंवा दाब बंद न करता कप ओढून काढला, तर सडाच्या टोकाला इजा होते आणि दुधाचे थेंब जोरानं उलटे आत फेकले जातात.

उपचारांबद्दल थोडकंच, कारण ते गाईला तपासून पशुवैद्यकानंच ठरवायचे. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. सडात सोडायच्या ट्यूबचा पूर्ण क्रम न करता दूध साफ दिसताच थांबणं घातक आहे; ऑरियस जंतू पेशींच्या आत दडतो आणि पुन्हा वर येतो. आणि ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध लेबलवर सांगितलेल्या मुदतीत कॅनमध्ये जाता कामा नये. उकळल्यानं बहुतेक प्रतिजैविकं नष्ट होत नाहीत. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं, आणि औषधाला न जुमानणारे जंतू माणसांत वाढायला हातभार लागतो. युरोपीय संघानं २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी गाईंना सरसकट प्रतिबंधक प्रतिजैविकं देणं थांबवलं, ते याच भीतीनं. रेडिंगच्या पाच गोष्टींतली दुसरी, आटवताना सडात औषध सोडण्याची, आता तिथेही तपासून, गरज असलेल्या गाईपुरतीच वापरतात. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सुचवतं: २५० ग्रॅम, ५० ग्रॅम, १५ ग्रॅम. सूज लवकर ओळखली तर त्याचा उपयोग होतो, असं तो वापरणारे सांगतात. कास पिवळं पाणी टाकू लागल्यावर नुसत्या लेपावर थांबू नये.

हे सगळं माहीत असूनही गोठ्यात का उतरत नाही? दोन कारणं मला ठळक दिसतात. पहिलं दराचं. युरोपात कळपाच्या दुधात दर मिलिलिटरला सरासरी ४ लाखांपेक्षा जास्त पेशी चालत नाहीत. आपल्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात, पेशींसाठी कापतही नाहीत आणि देतही नाहीत. ज्याची कास निरोगी आणि ज्याची आजारी, दोघांना फॅट सारखी लागली तर दरही सारखा. मग सड बुडवायच्या औषधावर कुणी का खर्च करावा?

दुसरं कारण माणसाचं. धार बहुतांश घरांत बाई काढते. कास तीच धुते, गाय बसली की उठली तीच बघते, सड गरम लागतो हे सगळ्यांत आधी तिच्याच हाताला कळतं. पण दूध संस्थेचं सभासदत्व बरेचदा पुरुषाच्या नावावर असतं, बिल त्याच्या खात्यात जमा होतं आणि तालुक्याच्या शिबिराला तोच जातो. शिबिरात सांगितलेली गोष्ट घरी पोचेपर्यंत तिची एक ओळ उरते: “डॉक्टर म्हणाले, स्वच्छता ठेवा.” ज्या बाईला वैरण आदल्या रात्री कापून ठेवण्याची सोय हवी आहे, तिला ही ओळ काहीच देत नाही.

दिवाळीला दूध संस्था सभासदांना फरकाची रक्कम वाटतात. संचालकांना आणि सभासदांना माझी विनंती आहे: यंदा त्यातला एक छोटा हिस्सा बाजूला काढा. प्रत्येक गोठ्याला चार खणांची थाळी आणि सड बुडवायची बाटली द्या, महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या दुधातल्या पेशी मोजा आणि ज्याच्या त्या कमी त्याला लिटरमागे थोडा जास्त दर द्या. प्रशिक्षण तालुक्याला ठेवू नका. संध्याकाळच्या धारेच्या वेळी गोठ्यात घ्या, धार काढणारीच्या शेजारी बसून. आणि संस्थेच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा आधी तिला बोलू द्या.